अर्धं सूत

वॉशिंग सेंटरवरच्या पोरानं पाण्याची गन खाली केली, गाडीच्या डाव्या अंगाला दोन दारांमधल्या फटीपाशी जरा वाकला आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मन्याग हच्चीरेन्री?" घरात लावलीसा काय, एवढंच विचारत होता तो. दाराच्या खालच्या अंगाला लावलेल्या क्रोमच्या पट्टीबद्दल. सतरा-अठराचा असेल. पायात गुडघ्यापर्यंत गमबूट, अंगात भिजून पोटाला चिकटलेला टी-शर्ट, कानावर अर्धी सुकलेली शाम्पूच्या फेसाची चिकटी. आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, एका सोसायटीत तेवीस वर्षं लोकांचे हिशेब पैशापर्यंत जुळवून देणारा, पटकन बोलून गेलो, "इल्ल, अंगड्याग." नाही, दुकानात. त्यानं "हां" केलं, गन उचलली, चाकाच्या आतल्या चिखलावर धार धरली. विषय संपला त्याच्यापुरता.

माझ्यापुरता तो संपेना. साडेतीनशे रुपये दिले, गाडी घेऊन अनगोळला घरी आलो, जेवलो, आडवा झालो आणि पंख्याकडं बघत पडलो. खोटं का बोललो मी? पोरगं काही आरटीओ नव्हतं. दुकानात लावली म्हटल्यानं पट्टी सरळ होणार नव्हती. उलट एखाद्या दुकानदाराच्या नावावर मी माझं वाकडं काम खपवलं. बरं, कानडी माझं बाजारातलं. भाजी, रिक्षा, तालुका ऑफिस एवढ्यापुरतं. एरवी त्या भाषेत वाक्य जुळवताना मला दोनदा अडखळायला होतं. खोटं मात्र एका दमात आलं.

गाडी २०१४ ची, आमच्या गावाचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं त्याच वर्षातली. मारुतीची, एलएक्सआय, म्हणजे खालचं मॉडेल. पहिल्या मालकानं जपून वापरलेली, केए-२२, पांढरी. चालायला उत्तम. पण खालच्या मॉडेलला कंपनी दाराची हँडलं काळी ठेवते, आरसे काळे ठेवते, आणि अशी गाडी पार्किंगमध्ये वरच्या मॉडेलशेजारी उभी राहिली की लग्नात आपल्याच घरचा माणूस चपला बाहेर काढून दाराशीच उभा राहिल्यासारखी दिसते. हे मला आधी कधी दिसलं नव्हतं. मुलीनं दाखवलं. कॉलेजच्या गेटवर सोडताना एकदा म्हणाली, "पप्पा, आपली गाडी स्टूलवर बसल्यासारखी का दिसते?" तिला म्हणायचं काय होतं ते तिलाही नीट सांगता आलं नाही, पण मला समजलं. त्या दिवसापासून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची मला फक्त हँडलं दिसू लागली.

मग चौकशी. कोल्हापूर आम्हाला शंभर-एक किलोमीटर, हुबळीही तेवढीच, आणि कुठलीही हौसेची वस्तू घ्यायची म्हटली की इथला माणूस आधी या दोन गावांची नावं घेतो. तरी गावातच विचारलं. दुकानात किट होतं: चार हँडलांची कव्हरं, दोन आरशांच्या टोप्या, दारांच्या खाली लागणाऱ्या चार पट्ट्या, डिक्कीवरची एक आडवी पट्टी. लावणावळ वेगळी. ती ऐकून मी म्हटलं, किट द्या, लावतो माझं मी. दुकानदार हसला नाही हे त्याचं मोठेपण. फक्त म्हणाला, "लावा की. टेप चांगली आहे, थ्री-एमची. पण चान्स एकच मिळतंय बघा." आणि जाता जाता काउंटरवरच्या बरणीतून क्रोमची तीन अक्षरं काढून समोर ठेवली. व्हीएक्सआय, म्हणजे वरच्या मॉडेलचं नाव. "ही पण न्या. सगळे नेत्यात." नेली. त्यांचं काय केलं, ते पुढं.

शनिवारी संध्याकाळी मी गाडीला वॅक्स पॉलिश मारलं. क्रोम लावायचं तर खालचा पांढरा रंग कसा झळाळला पाहिजे, असा माझा विचार. बनियनचा तुकडा घेऊन गोल गोल, हाताला गोळे येईस्तोवर. रविवारी सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून चारही पट्ट्या लावल्या, मागं सरकून बघितलं, बायकोला हाक मारली, शेजारच्यांनाही हाक मारली. सोमवारी दुपारी टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं होतं, ऊन मी म्हणत होतं, आणि मोटरसायकलवरच्या एकानं काचेवर टकटक केली. "काका, पट्टी लोंबालीय तुमची." उतरून बघतो तर पुढच्या दाराची पट्टी एका टोकाला धरून जिभेसारखी बाहेर आलेली. बाकीच्या तीन बोट लावताच हातात आल्या. टेप अगदी नवी होती, तिला वॅक्सशिवाय काही चिकटलंच नव्हतं. गेट उघडलं, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मी चार चकचकीत पट्ट्या काखेत मारून गाडीत बसलो.

तेलाच्या हातावर रंग धरत नाही.

हे वाक्य आमच्या घरात मी हजार वेळा ऐकलंय. बाबा उद्यमबागेत लेथवर होते. तिथल्या फाउंड्र्यांत कास्टिंग व्हायचं, शेजारच्या शेडमध्ये मशीनिंग, आणि पलीकडं कुठंतरी रंग. रंगाला जाण्याआधी वस्तू थिनरनं पुसायची आणि पुसल्यावर तिला उघड्या हातानं शिवायचं नाही, हा तिथला सोवळ्यासारखा नियम. संध्याकाळी बाबा घरी यायचे ते एक वास घेऊन. कूलंटचं दुधाळ पाणी, जळकं तेल, मोल्डिंगची काळी वाळू. अंघोळीआधी मोरीत बसून रॉकेल आणि निरम्यानं हात घासायचे, तरी नखांच्या कडेची काळी रेघ जायची नाही. सणाच्या दिवशी पुरणपोळीवर तूप घालतानाही ती दिसायची. मला ते लेथजवळ येऊ द्यायचे नाहीत. शाळेला सुट्टी असताना डबा द्यायला गेलो तर दारातूनच परत. "तू पुस्तक बघ. हात काळे करायला मी हाय." मी पुस्तक बघितलं, आणि माझे हात पांढरेच राहिले. फार तर शाईचा डाग, आणि आता तोही नाही.

दुसऱ्या खेपेला शहाणा झालो होतो. नवी टेप आणली. थिनर हातात घेतलाही होता, पण गाडीचा रंग म्हणजे कास्टिंग नव्हे, थिनर त्यालाच खाईल हे वेळेवर सुचलं. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. इंजेक्शनच्या आधी दंडाला लावतात तसला गार वास. त्यानं दाराचा खालचा भाग पुसला, फडकं बदललं, परत पुसला. बोट फिरवल्यावर चर्रर आवाज आला तेव्हा थांबलो. मग मास्किंग टेप. दाराच्या खालच्या कडेपासून फूटपट्टीनं सात सेंटीमीटर मोजून दोन खुणा, आणि त्या खुणांवर मास्किंग टेपची सरळ रेघ, म्हणजे क्रोमच्या पट्टीनं या रेघेवर बसायचं. मागच्या दाराला तसंच, त्याच्या कडेपासून सात.

खरी गंमत लाल कागदाची. डबल टेपच्या पाठीवरचा लाल कागद आख्खा सोलून पट्टी लावायला गेलं की ती जिथं पहिल्यांदा टेकेल तिथं बसते, मग देव आला तरी हलत नाही. म्हणून दोन्ही टोकांचा कागद दोन-दोन बोटं सोलायचा, मागं दुमडायचा आणि बाहेर शेपटीसारखा लोंबता ठेवायचा. पट्टी रेघेवर धरायची, दुरून बघायचं, हलवायचं, परत बघायचं. पटलं की दोन टोकं दाबायची आणि मग शेपटी हळू, खालच्या बाजूला, दाराच्या पत्र्यालगत ओढत आणायची. ती सुळसुळत येते, आतून, तुमच्या अंगठ्याखालून, साप बिळातून निघावा तशी. मागोमाग दुसऱ्या हाताचा अंगठा दाबत जायचा. एकदा ती मध्येच तुटली. आत राहिलेला कागदाचा तुकडा मी बायकोच्या भुवयांच्या चिमट्यानं, श्वास रोखून, ओढून काढला. ती वरून बघत होती. म्हणाली, "ऑपरेशन चाललंय की काय." चिमटा तिनं नंतर तीनदा साबणानं धुतला.

या टेपची पकड खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण यायला ७२ तास लागतात. ती ॲक्रिलिकची असते आणि पत्र्याच्या बारीक बारीक खळग्यांत हळूहळू झिरपत जाते. थंडीत ती कडक होते आणि झिरपतच नाही, म्हणून ऊन चढल्यावर लावावी. हे वाचल्यापासून तीन दिवस मी गाडी जागची हलवली नाही. सोसायटीत बसनं गेलो. लोकांनी विचारलं, गाडी कुठाय? म्हटलं, वाळत घातलीय.

आणि तो क्रोम! तो मुळात प्लॅस्टिक आहे. एबीएस प्लॅस्टिकवर आधी तांबं, त्यावर निकेल, आणि सगळ्यांत वर क्रोमियमचा थर, जो एका मायक्रॉनच्याही आत असतो. झळाळी दिसते ती बहुतेक निकेलची. क्रोम तिच्यावर फक्त पातळ पांघरूण घालतो, तिला काळं पडू देत नाही आणि किंचित निळी झाक देतो. माणसं मात्र नाव क्रोमचंच घेतात. बाबांना हे माहीत असणार. ते प्लेटिंगवाल्यांना "सोनार" म्हणायचे, आणि त्यात कौतुक किती, खवचटपणा किती हे कधी कळायचं नाही.

आमच्याकडं पाटीचं फार असतं. कुठल्या भाषेत, केवढ्या अक्षरात, वर कोण आणि खाली कोण. २०२४ पासून दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा आहे, आणि खडेबाजारातून चालताना मला आता बोर्ड वाचायच्या आधी मोजायची सवय लागलीय. सीमाभागात राहणाऱ्याला कशाचंही बोलायला लागलं की विषय शेवटी तिथंच येतो आणि त्याचा मला कंटाळाही येतो. पण गाडीवरची नंबर प्लेट ही एकच वस्तू अशी की ती मी लावली नाही, लावूही दिली नसती. नवी हाय सिक्युरिटी प्लेट, तिचे स्नॅप लॉक एकदा बसले की न मोडता निघत नाहीत. पूर्वी इथं कुणी नंबर देवनागरीत रंगवायचं, कुणी कन्नडमध्ये, आणि पोलिस दोघांनाही थांबवायचे. आता सगळे सारखे. हॉलोग्राममधलं अशोकचक्र नखाएवढं, आणि तेही क्रोमियमचंच.

ती तीन अक्षरं, व्हीएक्सआय, मी डिक्कीवर धरून बघितली. रात्री, मोबाइलच्या उजेडात. दिसत होती झकास. एलएक्सआयची अक्षरं काढायलाही अवघड नव्हती. गरम करायचं आणि मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढायचा. पण माझा हात झाला नाही. काळ्या हँडलावर चमकतं कव्हर घालणं वेगळं, आणि जे मॉडेल नाही त्याचं नाव सांगणं वेगळं, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं आणि अक्षरं कपाटाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. माझ्या प्रामाणिकपणावर दोन दिवस खूश होतो. पुढं चारच महिन्यांनी त्या पोरापुढं "अंगड्याग" म्हणालो.

ड्रॉवरमध्ये बाबांचा व्हर्नियर असतो, बारीक माप घ्यायचं अवजार. लाकडी पेटीत, मशीन ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेला. ते जाऊन सहा वर्षं झाली आणि सहाही वर्षं दसऱ्याला मी तो काढून, पुसून, त्याची पूजा करून परत ठेवतो. वापरत नाही. पोरानं विचारलं त्या संध्याकाळी पहिल्यांदा काढला तो मोजायला. मागच्या दाराची पट्टी पुढच्या दाराच्या पट्टीपेक्षा खाली होती. दोन दारांच्या फटीपाशी जबडा लावला. १.६ मिलिमीटर. बाबांच्या भाषेत अर्धं सूत. इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत, आणि त्याचं अर्धं. डोळ्याला पटकन दिसत नाही. पण एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही.

चूक कुठं झाली ते तिथंच उकिडवा बसून कळलं. मी दोन्ही दारांना त्यांच्या त्यांच्या खालच्या कडेपासून सात सेंटीमीटर मोजले होते. पण या दहा-बारा वर्षांच्या गाडीचं मागचं दार बिजागरीवर थोडं उतरलेलं होतं. दार उतरलं, त्याची कड उतरली, आणि माझं मोजमाप त्या उतरलेल्या कडेवर उभं. प्रत्येक दार आपल्यापुरतं बरोबर. बाबा असते तर त्यांनी कड बघितलीच नसती. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एक दोरा ताणला असता, गवंडी ताणतो तसा, आणि म्हणाले असते, यावर बसव. सूत म्हणजे ते मापही आणि हा दोराही. मला मापाचं सूत माहीत होतं.

त्यांची चेतक आठवते. बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची तो काळ. गाडी आली तेव्हा मी चौथीत. पहिल्या रविवारी अंगणात पोतं अंथरून त्यांनी तिला साज चढवला. दोन्ही बाजूंना गार्ड, पायाखाली रबरी मॅट, कडेनं ॲल्युमिनिअमची बीडिंग पट्टी, स्टेपनीला कव्हर. हात काळे करायला रोज नको म्हणणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा हात काळे करत होता, आणि शीळ घालत होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे कात्रीनं कापून प्रत्येक स्क्रूखाली घातले, पत्र्यावर ओरखडा उठू नये म्हणून. ते तुकडे कापायचं काम माझ्याकडं होतं. रबराची भुकटी बोटांना, आणि तो शाळेच्या खोडरबरासारखा वास. सगळं झाल्यावर त्यांनी परत स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एकेक स्क्रू किंचित फिरवला. बीडिंगवरच्या बाराही स्क्रूंच्या खाचा उभ्या झाल्या. एका रेषेत, घड्याळात सहा वाजल्यासारख्या. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, "वाकडं असलं की डोळा अडकतंय रे." पुढं पंधरा वर्षं ती चेतक आमच्या दारात होती. त्या खाचा बघून कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

त्या स्कूटरला "घरात लावलासा काय" असं कुणी विचारलं असतं तर बाबा काय म्हणाले असते, यावर मी बराच विचार केला. त्यांना प्रश्नच कळला नसता बहुतेक. घरात नाही तर कुठं? मला मात्र तो कळला, आणि तिखट लागला. मला वाटलं पोरगं म्हणतंय: पैसे वाचवलेत. किंवा म्हणतंय: येत नाही ते केलंत. किंवा त्याहून वाईट, तेवीस वर्षं खुर्चीवर बसलेल्या माणसाचं हे काम नव्हे हे त्याला त्या अर्ध्या सुतावरून दिसलं. बाबांनी मला ज्या गोष्टीपासून लांब ठेवलं ती मला आली नाही, यात वाईट वाटून घ्यायचं काय? त्यांना तेच तर हवं होतं. तरी वाटतं. आणि कानडीतला तो शब्द पुन्हा पुन्हा आठवतो, हच्चू. लावणं. दिवा लावायचा तर तेच क्रियापद, कुंकू लावायचं तर तेच, आपल्या लावण्यासारखंच. पोरानं चिकटवलीत काय असं विचारलं नव्हतं, लावलीत काय असं विचारलं होतं. हा फरक माझ्या मनातला असेल. बाजारातल्या कानडीवर एवढं ओझं घालू नये.

एका रविवारी मी मागच्या दाराची पट्टी काढून परत लावायला बसलो. या वेळी दोरा होता. पुढच्या चाकाच्या कमानीला एक टोक, मागच्या कमानीला दुसरं, मध्ये पांढरं सूत ताठ. बायकोचं हेअर ड्रायर घेतलं, एक्स्टेन्शन वायर खिडकीतून, आणि पट्टी गरम करत गेलो. बोटाला चटका बसेल इतकी. मग नायलॉनचा दोरा मागं सारला आणि ओढला. दोरा तुटला. दुसरा घेतला, दुहेरी केला. तोही तुटला आणि तळहातावर रेघ उमटली. पट्टी ढिम्म. अर्धा तास धडपडलो. वॅक्सवरून बोट लावताच हातात आलेली ती पट्टी आता पत्र्याला अशी धरून बसली होती की अजून जोर केला असता तर रंगासकट आली असती. एवढी घट्ट! पुसणं, तीन दिवस, ७२ तास, सगळं बरोबर झालं होतं. फक्त जागा चुकली होती. मी हेअर ड्रायर बंद केलं. तळहाताची रेघ बघत बसलो. काळी नव्हती, लाल होती.

परवा पाऊस थांबल्यावर गाडी पुन्हा धुवायला नेली. चिखलानं खालच्या पट्ट्या अर्ध्याच दिसत होत्या, ते बरं होतं. तेच पोरगं होतं. शेडच्या कडेला त्याची स्वतःची स्प्लेंडर उभी होती. टाकीला रेडियमच्या दोन रेघा, एक दुसरीपेक्षा जरा वर चढलेली. त्यानं फेस मारला, धार धरली, चिखल उतरला आणि पट्टी उघडी पडली. अर्धं सूत जिथल्या तिथं. मी चहाचा कागदी कप हातात घेऊन जवळ गेलो. वाक्य घरून जुळवूनच आणलं होतं. पट्टीकडं बोट केलं आणि म्हणालो, "नानं हच्चीन्री. मन्याग." मीच लावली. घरात.

त्यानं गन खाली केली नाही.

"गोत्तैत्री," म्हणाला, माहिती आहे की, आणि मला बाजूला व्हायची खूण करून मागच्या चाकाकडं वळला.